वकिलीण × मामलेदार

लोटलीच्या ऑर्तेंसबायने बिया काडेपेटीत घालून दिल्या,
मोजून दहा, वर एकसुद्धा नाही.
पेटीवर निळ्या शाईत: वकिलीण × मामलेदार.
ज्यांच्याशी ती कोर्टात भांडली
त्यांचीच नावं आपल्या डेलिलींना ठेवते.
वकिलीण पिवळी, कडेला झालर.
मामलेदार तांबडा, गळ्याशी हिरवा.
"फोटोत दिसतात ते आईबाप," ती म्हणाली,
"पोरांचं मी काही लिहून देत नाही.
दर बी वेगळी. पैसे परत नाहीत."
चारशे रुपये.
बोरीच्या पुलावर, बसमध्ये,
मी पेटी कानाशी धरून हलवली.
मिऱ्यांसारखा आवाज.

मग दीड महिना फ्रिजमध्ये, ओल्या कागदात,
बांगड्यांच्या डब्याखाली.
बियांना वाटलं पाहिजे, थंडी येऊन गेली.
बोरीत राहून एवढं एक खोटं सांगावं लागतं.
शालन म्हणाली, कधीतरी फोडणीत जातील हां,
मग मला बोलू नकोस.

सात उगवल्या.
रंगाच्या रिकाम्या बादल्या, तळाला खिळ्याने भोकं,
चिऱ्यांचा भुगा, शेणखत.
पहिलं वर्ष गवत.
दुसरं वर्ष गवत, जरा रुंद.
मी पाणी खात्यात एकतीस वर्षं मीटर वाचले,
काटा हलला नाही तरी आकडा लिहायची सवय आहे.
वहीत रोज लिहिलं:
पानं नऊ. पानं नऊ. पानं दहा.
दोन गोगलगायींनी नेल्या. एकीला तांबेरा लागला.
एक, शेजाऱ्यांकडे गवत कापायला आलेल्या पोराने
मशीनने उडवली, अगदी इमानाने, मुळापर्यंत,
आणि घाम पुसत मला सांगितलं,
"बादलीतलंही काढलं, काका."
त्याला मी चहा दिला. काय करणार.

उरलेल्या तिघींपैकी एकीने
नोव्हेंबरात दांडा काढला. तीन कळ्या.
सोमवारी कळी बोटाएवढी. मंगळवारी फुगलेली.
बुधवारी मला हयातीचा दाखला द्यायला
फोंड्याला जावं लागलं.

यंत्र माझा अंगठा घेईना.
"मातीने रेषा गेल्यात," बँकेतली मुलगी म्हणाली,
"पुसा, परत लावा."
पुसला. लावला.
"लिंबू चोळून या."
लिंबू चोळून आलो. जेवणाची सुट्टी झाली.
चार वाजता मी जिवंत असल्याचं
मान्य करण्यात आलं.

घरी पोचलो तेव्हा दांड्यावर
पिळलेल्या चिंधीसारखं काहीतरी लोंबत होतं.
शालन शेजारी, उलट्या बादलीवर बसलेली.
"सातला उघडलं," म्हणाली. "मी दूध तापवत होते."
"रंग कसा होता?"
"आमसुलाच्या आतल्या बाजूचा. सुकलेल्या नव्हे, ओल्या.
नाही, थांब."
तिने डोळे मिटले.
बराच वेळ मिटून ठेवले.

सिलिंडर घेऊन क्लिफर्ड येऊन गेला होता,
त्याला फोन लावला.
तो म्हणाला, काजूचं बोंड असतं ना,
अर्धं तांबडं अर्धं पिवळं, ते दोन रंग मिळतात
तिथला.
दोघांचं काही जुळेना.
मी वहीत दोन्ही लिहिलं.
मीटर न बघता आकडा
आजवर कधी टाकला नव्हता.

आता रात्रीचे तीन.
दुसरी कळी टॉर्चच्या उजेडात
जशीच्या तशी.
शालन शाल घेऊन आली, म्हणाली,
नाव काय ठेवणार?
मी म्हटलं, रीत अशी आहे
की ज्याच्याशी भांडलो त्याचं ठेवायचं.
मी कोर्टात कधी गेलो नाही.
उमेदवार तू एकटीच.

ती हसली नाही.
कळीवर एक मुंगी चढत होती, ती बोटाने उचलली,
जमिनीवर सोडली,
आणि माझ्या हातातला टॉर्च घेऊन विझवला.
"झोपू दे तिला," म्हणाली.